एकच नमुना, दोन नावं

सोमवार, ३ मार्च

आज सूचनाफलकावर कागद लागला. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांनी, जोडीदारासह, शनिवारी कंपनीने ठरवलेल्या केंद्रात आरोग्य तपासणीसाठी जायचं. सक्तीचं. ज्या कंपनीला आमच्या रंग-तपासणी विभागातला बंद पंखा बदलायला आठ महिने लागले, तिला एकाएकी माझ्या आतड्यांची काळजी?

पर्सोनेलचा साहेब जिन्यात भेटला. आम्ही त्याला हसतमुख म्हणतो. माणसाला घरी पाठवतानाही तो हसतो.

"मॅडम, तुमच्याच भल्यासाठी आहे."

"पन्नाशीच्या आतल्यांचं भलं नको का?"

हसला. जिना उतरून गेला.

डाव सरळ दिसतो आहे. रिपोर्टात काहीतरी काढायचं आणि मग 'मॅडम, आता जरा आराम करा.' माझी अजून चार वर्षं आहेत. मला आराम नको आहे.

मंगळवार, ४ मार्च

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मी नाही येत. मला काही झालेलं नाही."

"झालंय असं कोण म्हणतंय?"

"मग तपासायचं कशाला?"

ह्यांचा मोटार शिकवण्याचा व्यवसाय. दिवसभर नवख्या माणसाच्या शेजारी बसायचं, पाय ब्रेकवर. भीती हा विषय ते कामावरच संपवून येतात, अशी माझी समजूत आहे. पण सुईचं नाव काढलं की उठून गॅलरीत जातात. फॉर्मवर जोडीदाराची सही लागते, हे तीनदा सांगितलं तेव्हा कबूल झाले. वर अट — "वजन करीन, रक्त देईन. ती शौच घरून डबीत भरून न्यायची भानगड मात्र करणार नाही."

घाण वाटते म्हणे. मुलीचे लंगोट ह्यांनीच बदललेत.

शुक्रवार, ७ मार्च

केंद्राची चौकशी केली. उघडून तीनच वर्षं झाली. फर्निचरच्या दुकानाच्या वर आहे. आमच्याशिवाय आणखी दोन कंपन्यांचं काम घेतात — म्हणजे कंपन्यांना खूश ठेवणं हाच त्यांचा उद्योग.

लेकीचा फोन. "आई, तू तिथे जाऊन त्यांचीच तपासणी करशील हं."

म्हटलं, करावीच लागेल.

शनिवार, ८ मार्च

सकाळी साडेसातला उपाशीपोटी हजर. आधी वजन. काट्यावर पाय ठेवण्यापूर्वी विचारलं, "हा काटा शेवटचा कधी तपासून घेतला?" नर्सने माझ्याकडे आणि मग काट्याकडे पाहिलं. म्हणाली, "मॅडम, रोज वापरतो." वापरणं आणि तपासणं यातला फरक मी गेली सव्वीस वर्षं लोकांना सांगते आहे.

माझी पर्स काल कारखान्यातल्या काट्यावर मोजून आणली होती. दोन किलो शंभर ग्रॅम. ती ठेवली. दोन किलो शंभर! मग मी चढले. आकडा इथे लिहीत नाही. काटा बरोबर आहे, एवढंच.

रक्तदाब जास्त निघाला. नर्स म्हणाली, "टेन्शन घेता का?" म्हटलं, "तुम्ही माझं वय तिसऱ्यांदा विचारताय, म्हणून असेल." पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतला. उतरला. आता पहिला आकडा कागदावरून खोडला की नाही, ते दिसू दिलं नाही.

मॅमोग्राफी. आमच्याकडे रंगाचा भरलेला डबा किती भार सोसतो ते बघायचं एक यंत्र आहे. वरून पाटी खाली येते, डबा दबत जातो, आम्ही बाजूला उभे राहून आकडे लिहितो. आज डब्याच्या जागी मी होते. "श्वास रोखा, हलू नका," म्हणे ती मुलगी. हलणार कुठे? सव्वीस वर्षांत दाबलेल्या सगळ्या डब्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

हे रक्त देताना भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत होते.

निघताना दोघांना एकेक पाकीट मिळालं. आत बोटाएवढी प्लास्टिकची नळी, झाकणाला आतून काडी. शौचाला काडी चार-पाच ठिकाणी टोचायची, झाकण लावायचं, आणून द्यायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं म्हणे. नळ्यांवर नाव आणि छापील नंबर. मी सवयीने दोन्ही नंबर टिपून घेतले — माझा ४१७, ह्यांचा ४१८.

रविवार, ९ मार्च

आज सकाळी आंघोळ करताना सुचलं. इतके दिवस कसं सुचलं नाही!

कारखान्यातून बाहेरच्या लॅबकडे रंग पाठवताना आम्ही एक करतो. एकाच डब्यातला रंग दोन बाटल्यांत भरायचा, दोन वेगळी नावं लावायची आणि पाठवायचा. लॅबला पत्ता लागू द्यायचा नाही. दोन्ही निकाल सारखे आले तर लॅब खरी. वेगळे आले तर ते लोक रंग न तपासताच आकडे लिहितात. मी आजवर तीन लॅब अशाच पकडल्या. त्यातल्या एकीचा मालक ऑफिसात येऊन रडला होता.

तर दोन्ही नळ्यांत माझाच नमुना. ४१७ माझ्या नावाचा, ४१८ ह्यांच्या नावाचा. माझ्या नावाने खोट निघाली आणि ह्यांच्या नावाने नाही, की हसतमुखाचा डाव कागदावर सिद्ध.

बाकीचं वर्णन करत नाही. कॉलेजात रसायनशास्त्राला पहिला वर्ग मिळाला होता. तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांना सांगितलं. प्रथम हसले. "म्हणजे मी सुटलो?"

"सुटलात."

थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे ती लॅब बोगस आहे, अशी तुझी खात्रीच आहे?"

"नव्वद टक्के."

"आणि तिथे काही निघालं, तर ते धरायचंच नाही?"

"धरायचं कसं? माझं सिद्ध होईपर्यंत नाही."

नळ्या पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवल्या. उद्या हे क्लासला जाताना देतील.

सोमवार, १० मार्च

दिल्या नाहीत. विसरले म्हणे! दाराच्या कडीला चिठ्ठी अडकवली होती तरी विसरले. उद्यापर्यंत फ्रिजमध्ये टिकेल असं पाकिटावर लिहिलं आहे, म्हणून गप्प बसले. फार वेळ नाही बसले.

मंगळवार, ११ मार्च

दिल्या. मी पावती मागितली. आणली होती.

गुरुवार, १३ मार्च

हसतमुख जेवणाच्या सुटीत माझ्या टेबलाशी आला. "झाली का तपासणी, मॅडम? घाबरू नका हं." मी म्हटलं, "घाबरायची पाळी कुणाची आहे ते बघू." माझ्या विभागातली सहायक मुलगी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

सोमवार, १७ मार्च

रिपोर्ट आले.

माझा — साखर काठावर, बाकी ठीक. मॅमोग्राफी ठीक. शौचात रक्त आढळले नाही.

ह्यांचा — सगळं ठीक. शौचात रक्त आढळले. तज्ज्ञांना त्वरित दाखवावे.

एकच नमुना, दोन निकाल! मी खुर्चीतून उठलेच. अंदाजाच्या उलट आलं, माझ्याऐवजी ह्यांच्या नावावर खोट काढली — म्हणजे कंपनीचा डाव नाही, नुसता गलथानपणा. पण पकडले ते पकडले. रिपोर्ट ह्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी सावकाश वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"म्हणजे हे खोटंच ना?"

"शंभर टक्के. हे तुमचं नाहीच मुळी. हे माझं आहे."

"हं. मग खोटंच."

थोड्या वेळाने भाजी निवडताना पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "अहो, सव्वीस वर्षं हेच करते आहे मी." मान हलवली. पेपरातलं कोडं उघडून बसले आणि एकही घर भरलं नाही.

मी तक्रारीचा मसुदा करायला घेतला. मुद्दा पहिला लिहिण्यासाठी नळीचा नंबर पाहिला. ह्यांच्या रिपोर्टवर ४६३! मी टिपलेला ४१८. म्हणजे नुसता गलथानपणा नाही — भलत्याच माणसाची नळी ह्यांच्या नावावर चढवली. कुणीतरी एक माणूस 'सगळं ठीक' म्हणून घरी निश्चिंत बसला असेल आणि त्याच्या पोटात रक्त. उद्या अर्धी रजा.

मंगळवार, १८ मार्च

केंद्रात दहाला पोचले. काउंटरवर माझ्याच वयाची बाई, चष्मा साखळीला बांधलेला. मी कागद मांडले. "तुमच्याकडून नळ्यांची अदलाबदल झाली आहे. ४६३ नंबर कुणाचा, ते आत्ताच्या आत्ता शोधा. तो माणूस आजारी आहे आणि त्याला ते माहीत नाही."

ती घाबरली नाही. चिडलीही नाही. मला ते आवडलं आणि खटकलंही. मोठी वही काढली, बोट खाली नेत गेली आणि वही माझ्याकडे फिरवली.

'१० मार्च, सकाळी १०.१५. आधीची नळी सांडली. नवी नळी दिली, क्र. ४६३.' पुढे ह्यांचं नाव. पुढे सही.

"तुमचे मिस्टर ना? उंचसे? मी म्हटलं, अहो, भरायला जमत नसेल तर मॅडमची मदत घ्या. तर म्हणाले, नको, मीच भरतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही आणून दिल्या."

त्या सहीकडे मी तीनदा पाहिलं. खोटी असावी म्हणून पाहिलं. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून पुन्हा वर वळवायची, ती खोड दुसऱ्या कुणाची नाही. लग्नाच्या नोंदणीवरही तशीच आहे.

ती म्हणाली, "मॅडम, तक्रार नोंदवायची होती ना? फॉर्म देऊ?"

"नको."

"मग तज्ज्ञांचा नंबर लिहून देते."

लिहून दिला. परवा सकाळी आठची वेळ मिळाली. कारखान्यात फोन करून अर्ध्या रजेची पूर्ण केली.

घरी आल्यावर विचारायचं होतं. हे नव्या शिकाऊ बाईचं सांगत होते. ती गाडी उलटी घेताना डोळे मिटते म्हणे. ऐकत बसले.

बुधवार, १९ मार्च

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. पाच महिन्यांपासून रक्त जातं आहे. कुणाला बोलले नाहीत. "तू लॅब बोगस म्हणालीस, म्हणून माझी नळी मीच भरायचा धीर झाला. म्हटलं, तिथे काहीही निघालं तरी तू ते खोटं पाडशील."

कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. वाट बघत होते.

मी म्हटलं, "अहो, रिपोर्ट बरोबर आहे."