सैल कुसवं

१४ नोव्हेंबर, दुपार

ती. दादास,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लू मजेत असाल. आईचा गुडघा बरा आहे. कारखान्याचे गळके पत्रे बदलले. बाबा तासभर येऊन बसतात, रंध्याला हात लावत नाहीत. झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

गेल्या महिन्यात वाचनालयातली एक खुर्ची मोडली. दोन वर्षांपूर्वी आपल्या कारखान्यातून चोवीस गेल्या होत्या, त्यातली. पेपर वाचायला येणारे निवृत्त पोस्टमास्तर बसले आणि मागचा पाय निखळला. मनगट मोडलं त्यांचं. वाचनालयाच्या बाई तो पाय पिशवीत घालून थेट कारखान्यात आल्या आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "हे कुणाचं काम?"

मी काय उत्तर दिलं ते पुढे सांगते.

बाई गेल्यावर मोडकी खुर्ची आणवून सांधा जुळवून बघितला. पायातली खाच ठीक होती. आडव्या पट्टीचं कुसू, खाचेत घट्ट बसायला हवं ते टोक, तिच्यात खुळखुळत होतं, म्हाताऱ्याच्या दातासारखं. नुसत्या सरसावर दोन वर्षं तग धरला होता. उरलेल्या तेवीसही उचलून आणल्या. सगळ्यांची तीच गत. लाकूड आकसलं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मग आईच्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आठवल्या. त्याही मीच केलेल्या, आठ वर्षांपूर्वी, तू इथे असताना. त्या तसूभर हलत नाहीत. हेच हात, हीच करवत! आईची बोलणी खात त्यातली एक उलटी केली, गरम पाण्याच्या फडक्यांनी सरस मऊ करून सांधा उघडला. कुसवाच्या दोन्ही अंगांना कागदाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या. इतक्या सफाईने की नखाला जोड लागेना.

इतकी सफाई तेव्हा माझ्या हाताला नव्हती, दादा. तुझ्या होती.

माझी पाठ वळली की तू माझी सैल कुसवं जाड करून ठेवत होतास. किती वर्षं? मी जेवायला गेले की करायचास का रे?

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं मन मोडू नये म्हणून गं. ह्यांनीच त्याला सांगितलं होतं. पोरीच्या जातीला बोलायला जाऊ नकोस, सोडून देईल, म्हणाले."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक! तुझं काम चुकलं की बाबा तुझ्या पाठीत पट्टी हाणायचे. तू रडायचास, पण ती चूक पुन्हा करायचा नाहीस. मला मात्र "वा, छान झालंय हो!" मी हुरळायचे. वाटायचं, मी लाडकी. लाडकी कसली, मी कुणाच्या खिजगणतीतच नव्हते. तुमच्या लेखी मी भातुकली खेळत होते.

आणि चूक तरी केवढी? मी रेघेच्या आतून कापत होते. रेघ शाबूत ठेवून बाहेरून करवत चालवायची, बस्स. एका वाक्याचं काम. ते मला छत्तिसाव्या वर्षी, एका म्हाताऱ्याचं मनगट मोडल्यावर कळावं?

तू घर सोडलंस त्या दिवशी दारात मी ओरडले, "जा! तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. मला वाटलं, कसा गप्प केला! अरे, तेव्हा तरी बोलायचंस. चारचौघांत बोलायचंस. माझी खोड मोडली असती, खुर्ची मोडली नसती.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

"हे कुणाचं काम?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "दादाचं." तू गेल्याला वर्ष झाल्यावर केलेल्या खुर्च्या, आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही. बाई म्हणाल्या, "तरीच. तुमचा हात असा नाही." मी मान डोलावली. तीन आठवडे ते गिळून बसले होते. त्या पट्ट्या सापडल्या आणि मग ते पचेना.

परवा पोस्टमास्तरांच्या घरी गेले. बाईंनाही तिथेच बोलावलं. म्हटलं, काम माझं, चूक माझी, भाऊ तेव्हा इथे नव्हताच.

पोस्टमास्तर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन म्हणाले, "मग त्या बिचाऱ्याला मी इतके दिवस शिव्या घालतोय, त्यांचं काय करायचं?"

"राहू द्यात," मी म्हणाले. "दुसऱ्या एका कारणासाठी त्याला त्या मिळायलाच हव्या होत्या."

ते हसले. बाई हसल्या नाहीत. खुर्च्या नीट करून घेणार आहेत, पण पुस्तकांच्या कपाटांचं काम दुसऱ्या सुताराला दिलं. बरोबरच केलं त्यांनी.

अकरा खुर्च्या झाल्या. तुझ्यासारख्याच पट्ट्या लावतेय. तेरा राहिल्यात. सुट्टी काढून ये. कशालाही हात लावायचा नाहीस. शेजारी उभा राहा आणि चुकले की ओरड. बाबांच्या देखत ओरड.

तुझं नाव पुढे केलं, त्याबद्दल मला माफ कर. मी तुला अजून केलेलं नाही.

तुझी धाकटी बहीण,
सुतार