फुलाआधी घेतलेलं नाव

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या उन्हाळ्यात मी तुमच्यावर जी चिडले ती अजून चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत. मी आज बोलणार आहे, आणि तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही याचा मला आनंद आहे.

आपल्या त्या दोन झुडपांवरूनच झालं. राधानगरीच्या वरच्या उतारांवरची, सूर्यफुलाच्या कुळातली, छातीइतकी उंच, सारखीच दातेरी पानं, सारखेच जांभळे झुबके. एक जात सगळीकडे सापडते, तिला तुम्ही थोरली म्हणायचात. दुसरी मोजक्याच उतारांवर उरलेली, ती धाकटी. वर्गात तुम्ही फूल चिमटीत धरायचात. "ह्ये एक फूल न्हवं, आख्खी गल्ली हाय. आत बारकी बारकी फुलं नांदत्यात." त्या गल्लीखालचे हिरवे खवले भिंगातून बघायचे. धाकटीच्या खवल्यांची टोकं बाहेर वळलेली, थोरलीची चिकटून बसलेली. फरक एवढाच, तोही हिवाळ्यात फूल आलं तर दिसणार. दुसऱ्या वर्षाला असताना मी बिनफुलांची एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली, कागदावर टाके घालून बसवली आणि खाली चिठ्ठी लावून तिच्यावर ऐटीत धाकटीचं शास्त्रीय नाव लिहिलं. तुम्ही सगळ्यांसमोर ती चिठ्ठी फाडलीत. "फूल न्हाय, फळ न्हाय, आन् नाव लिवतीस? बारशाआधी लग्नाची पत्रिका छापतीस व्हय गं?" वर्ग हसला. हुपरीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि घरी आईला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

ते सोसलं असतं. नियम म्हणजे नियम. पण त्याच वर्षी भर पावसाळ्यात तुम्ही आम्हाला सहलीला नेलंत. वाटेतल्या एका झुडपाचं पान तोडलंत, तळव्यावर चुरगळलंत, नाकाला लावलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "धाकटी." मी विचारलं, सर, फूल कुठंय? तुम्ही हसलात. "मला न्हाय लागत." कसं ओळखता ते शिकवा म्हणून मी दिवसभर तुमच्या मागे चिखल तुडवत होते. "येतंय हळूहळू," एवढंच उत्तर. पुढे मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही घरी बोलावून तुमचं जुनं भिंग माझ्या हातात ठेवलंत. काकूंनी खीर केली होती. मी पाया पडले. आज म्हणते, भिंग दिलंत, नाक दिलं नाहीत.

या मे महिन्यात त्याच डोंगरातल्या एका उतारावर बंगल्यांसाठी रस्ता काढायचं ठरलं. उतारभर आपलंच झुडूप, आणि फूल एकाला नाही. धाकटी असेल तर काम थांबणार, थोरली असेल तर सगळं साफ. पाहणीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं, कारण जिल्ह्यात ही झुडपं ओळखणारं तुमच्यामागे म्हणे मीच. मी म्हटलं, हिवाळ्यापर्यंत थांबा. ठेकेदार भडकला. "म्याडम, फूल यायला थंडी पडाय पायजे. तवर जेसीबीला काय हार घालून बसवू? ही का ती, एवढंच सांगा की!" मग मी पान तोडलं. चुरगळलं. नाकाला लावलं. ओल्या पाल्याचा वास आला, बाकी काही नाही. खालच्या वाटेवर मला पक्की ठाऊक असलेली थोरली होती, तिचंही पान हुंगून आले. तोच वास. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आम्ही तुमच्याकडे बघायचो तसे. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "धाकटी आहे."

सगळ्यांनी मान डोलावली. एकानंही विचारलं नाही, कशावरून. फुलं येऊन मी खवले दाखवेपर्यंत काम थांबवलं. परतताना जीपमध्ये माझ्या अंगाची लाही लाही झाली. सर, तुम्हाला तरी काही वास येत होता का? तुम्ही धाकटी म्हणालात त्या झुडपाकडे हिवाळ्यात परत जाऊन आपण खवले कधी पाहिले? एकदाही नाही. तुम्हाला खरंच येत होतं, तर तुम्ही कंजूष होतात. मूठभर विद्या, तीही सरणावर घेऊन गेलात. आणि येत नव्हतं, तर माझी चिठ्ठी कुठल्या तोंडानं फाडलीत? सात महिने मी याच दोन प्रश्नांत भाजते आहे. दोन्हीकडून भांडण तुमच्याशीच आहे, आणि तुम्ही फोटोत हार घालून निवांत बसला आहात.

त्या उताराखालच्या वाडीतले एक गृहस्थ मला खबर देतात. परवा त्यांचा फोन आला. "म्याडम, फुलं फुटल्यात की. कवा येताय? सायेबबी इचारत्यात." थोरली निघाली तर उतार जाईल, आणि पुढे खरी धाकटी दाखवली तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी त्यांना सांगितलं, ताप आलाय, चार दिवसांनी येते. हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून इथे लिहून टाकते: मला ताप नाही.