चहा पिऊन पकडलेला चोर

क्लातेन, मंगळवार

आदरणीय थोरल्या जाऊबाई म्बाक्यू सुमिराह यांना धाकट्या जावेचा वाकून सलाम.

तुमची तब्येत उत्तम असणारच. कांगमास भाऊजींचा गुडघा कुरकुरायचा थांबला का? आणि त्यांचा पिंजऱ्यातला होला? (दोघांपैकी एकानं तरी गप्प बसावं, ही प्रार्थना.)

इकडे मी शाळकरी मुलांसाठी रहस्यकादंबरी लिहून बसले आहे. पंधरा वर्षांची सेकार आजीचा चोरीला गेलेला, भात वाफवायचा तांब्याचा हंडा शोधून काढते, एवढीच गोष्ट. पण जकार्ताचे संपादकसाहेब! वय पंचवीस, अनुभव (त्यांच्या बोलण्यावरून) साठ वर्षांचा. फोनवर म्हणाले, "बाई, शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवा आणि सेकारला चोराकडे बोट दाखवू दे." बोट! अहो, आपण शेजाऱ्याचं घरसुद्धा अंगठ्यानं दाखवणारी माणसं, आणि पोरीनं वडीलधाऱ्या बाईवर बोट रोखायचं? तिला काय बसस्टँडवर वाढवलंय?

माझी सेकार रीतभात जाणते. ती त्या बाईंच्या घरी जाते, चहा घेते, मिरचीचे भाव विचारते, पडद्यांचं कौतुक करते आणि निघताना म्हणते, "आजीला हल्ली भात गोड लागत नाही हो." बाईंना घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी हंडा घासूनपुसून ओट्यावर हजर! यावर साहेब विचारतात, "पण चोर पकडला कधी?" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आमची लारस त्यांच्याच बाजूची. "आई, नुसता चहा पिऊन जगात कुणाचा हंडा परत आलाय का गं?" म्हणते. पोटच्या पोरीचा आईच्या लेखणीवर केवढा हा विश्वास! म्हटलं, बघू.

बाकी सर्व ठीक. लहानांना गोड पापे.

तुमचीच,
वुर्यानी

ता.क. पुस्तकातला हंडा आपल्या सासूबाईंच्या हंड्यावरूनच घेतलाय. आधी बघून वर्णन करत होते. ईदला तुमची गाडी भरून निघाली, तेव्हापासून आठवून लिहावं लागतंय. आमचा कुणावर संशय नाही. (मांजरानं नेला असेल. चार माणसं लागतात उचलायला, पण हल्लीची मांजरं!) येत्या शुक्रवारी मामंजींना जाऊन वर्ष होतंय, त्याचं जेवण आहे. सासूबाई ॲल्युमिनियमच्या पातेल्याला हात लावायला तयार नाहीत. "ह्यांना त्याच हंड्यातला भात लागायचा," म्हणतात आणि चुलीकडे तोंड करून रडतात. मला बघवत नाही हो.

ता.क. दुसरा. उद्या लारस तुमच्याकडे येते आहे. नुसती चहाला. पडदे छान आहेत म्हणाली तर राग मानू नका. सोबत रिकामा टेम्पो आणि चार माणसं आहेत, सहज.

ता.क. शेवटचा. कादंबरीतल्या त्या बाईंच्या नावाची जागा अजून कोरी आहे. संपादकांना 'सुमिराह' हे नाव भारी आवडलंय. मीच म्हटलं, थांबा, शुक्रवारचं जेवण होऊ दे.