तीनशे चौसष्टावरचा सुळका

केज,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला तुझ्या नानाचे भरभरून आशीर्वाद.

सकाळपासून कानात गॅसबत्तीचा तो सूंऽऽ आवाज आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात बत्ती पेटायची आणि तिच्या सुरावर आमचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा. आठवण निघाली ती बत्तीच्या जाळीमुळं.

माझं गॅमा-यंत्र तुला ठाऊकच आहे. किरणोत्सार मोजून त्याचा आलेख काढतं, पण आलेखातला कोणता सुळका कोणत्या ऊर्जेचा, हे त्याला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी ओळखीचा किरणोत्सारी पदार्थ हवा. कंपनीचा तयार नमुना पेन्शनीत बसेना. जुन्या घड्याळाच्या चमकत्या काट्यांचा रेडियमचा रंग झडतो, म्हणून तो नको. उरला आपला बाजार. पोटॅश खतात थोडा किरणोत्सार असतोच, म्हणून कृषी केंद्रातून किलोभर आणलं. दुकानातला धुळाजी म्हणाला, "गुरुजी, वावर तर तुमी बटईनं दिलंय. मंग हे कावून? चहात घालताव का?"

पोटॅशनं सुळका झकास दिला, पण पार टोकाला. एका खुणेवर मोजपट्टी होत नाही. मग बत्तीची नवी कोरी जाळी आणली. दिवसभर ठेवली, काहीच नाही! हल्लीच्या बहुतेक जाळ्यांत पूर्वीसारखं किरणोत्सारी थोरियम नसतं, हे मला मागाहून कळलं. शेवटी मंडपवाल्या मोहनरावांच्या पेटीत वरातीच्या बत्त्यांची एक जुनी जाळी निघाली. पिशवीत बंद करून ठेवली आणि सुळके कवितेतल्या यतीसारखे आपापल्या जागी उभे राहिले.

हे सगळं चालू असताना मी मात्र यंत्र सुरू करून लांब, अंगणाच्या कडेला जाऊन बसायचो.

कारण मी घरात असलो की आणखी एक सुळका येतो, ऊर्जेच्या पट्टीवर तीनशे चौसष्टावर. मोजपट्टी जमल्यावर खात्री झाली. तो आयोडीनचा आहे, माझ्या गळ्यातला. गेल्या महिन्यात थायरॉइडसाठी संभाजीनगरला किरणोत्सारी आयोडीन घेतलं. डॉक्टरांनी बजावलं, गरोदर बाईला काही आठवडे जवळ येऊ देऊ नका. घर रंगवायचंय, सातव्यात येऊ नको, हे मी तुला खोटं कळवलं. तुझ्या आईला शिरूर कासारला मावशीकडं पाठवलं, तुला खरं न सांगायला तीही कबूल झाली. खरं सांगितलं असतं तर तू सेवेला धावत आली असतीस. तू तशीच आहेस.

तुझ्या सासूबाई, भिवराबाई, फोनवर म्हणाल्या, "पयल्या बाळंतपणाला लेक जड झाली व्हय, व्याही?"  मी रंगाचंच कारण पुढं रेटलं. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

डॉक्टरांची मुदत अजून संपायची आहे. सुळका रोज खुजा होतोय. त्यांनी हो म्हटलं की पत्र टाकायचं आणि मागोमाग गाडी करून मी स्वतः

थांब. फाटकाशी जीप थांबली. भिवराबाईंचाच आवाज.

"व्याही, रंगाचा वास तर काही येईना! उघडा दार, लेक आणलीय तुमची!"

आणि तू. नाना, नाना म्हणून कडी वाजवतेयस.

मी आतल्या खोलीत आलोय. भिवराबाईंना मागं हाक मारून हे पत्र खिडकीतून त्यांच्या हाती देतो. तू लिंबाखाली बस, तिथंच वाच. जवळ येऊ नकोस, पोरी. पण लगेच परतही जाऊ नकोस.

बंद दाराआड उभा,
तुझाच
नाना