दोन डाव्या बाह्या

प्रिय बाबा,

तुम्ही ताईकडे राहायला गेल्यावर शिवणकामाचं दुकान माझ्या हाती आलं. बिघडलेलं कापड बिघडवणाऱ्यानेच दाराजवळच्या खिळ्यावर टांगायचं, हा तुमचा नियम मला कायम नाटकी वाटायचा. मी तो कुणाला सांगितलाही नाही.

आज नव्या बाईंनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या आणि कुणी पाहायच्या आत सदरा टांगून मोकळ्या झाल्या.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? इथे सगळेच टांगतात."

जिंकलात, बाबा. राहिलो होतो मी एकटाच. तुम्ही स्वतःची चूक म्हणून टांगलेला तो कोट माझ्या कात्रीने बिघडला होता.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिळ्यावर टांगतोय. दुकानात याल तेव्हा वाचा.

तुमच्याच हाताखालचा,
धाकटा