मेहरूनने विचारलेला अर्थ

नल्लकुंटा, हैदराबाद
सप्टेंबर १९४८

तीर्थरूप सासूबाईंस शिरसाष्टांग नमस्कार.

सोलापूरला निघताना तुम्ही म्हणालात, "पुढं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक!" आता हिंदची फौज आली, सुलतान बाजारात पेढे वाटले. पण माडीवरच्या मेहरूनचा नवरा बिदरहून परतलाच नाही. काल तिनं विचारलं, "भामाबाई, अम्मा 'वाढून ठेवलंय' बोलते थे, उसका मतलब क्या?"

"आगे की मुसीबत."

"परोसता कौन?"

वाढतं कोण, ते सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुसलमानांची घरं शोधत काही माणसं लाठ्या घेऊन दारात आली. "वर कोण राहतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

आता ती लेकरांसह तुमच्या खोलीत राहते. तुम्हाला हे खपणार नाही, म्हणून पत्र टाकायचं धाडस होत नाही. कडी वाजली की आम्ही दोघी दचकून उभ्या राहतो.

तुमची सून,
भामा