सव्वा माणसाची सरळ धाव

तीर्थरूप मामांस,

तुमच्या सव्वाचा साष्टांग नमस्कार. (हल्ली तो खरोखरच साष्टांग घालता येतो. पूर्वी जमिनीला टेकायचं ते नेमकं त्या आठांत नसलेलं अंग, आणि मोजायची आठही हवेत राहायची.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुमची, मामींची आणि तुमच्या गुडघ्यांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. खरं म्हणजे हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दोनदा "बरं, बरं" म्हणता आणि रिसीव्हर मामींच्या हातात देता. पत्राचं तसं नसतं. पाकिटावर तुमचं नाव आहे, तेव्हा तुम्हालाच वाचावं लागणार. पत्रास विशेष कारण काही नाही. मला भीती वाटते, एवढंच.

परवा बायको मला विचारत होती, "तुम्हाला मामा सव्वा का म्हणतात?" इतक्या वर्षांनी विचारलं! मग तिला तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस सांगितला. नवी लिफ्ट लोकांना द्यायच्या आधी तिच्यात नेमलेल्या वजनाच्या सव्वापट वजन घालून बघतात, त्यासाठी वर्कशॉपमधून लोखंडी वजनं वाहून आणावी लागतात, आणि तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून हमालांना म्हणालात, "राहू द्या रे अर्धी. हा पोरगा एकटाच सव्वा आहे." तेव्हापासून मी लिफ्टमध्ये उभा राहायचो आणि तुम्ही वर मशीनच्या खोलीत ब्रेकवर कान ठेवून बसायचात. बायको हसली नाही. म्हणाली, म्हणजे दोर तुटला असता तर? मी म्हटलं, मामा होते ना वर.

तर आता मी चाचणीच्या कामाचा राहिलो नाही. दोन वर्षांत माझ्या अंगावरून एक आख्खा माणूस उतरला, तोही खात्यापित्या घरचा. लोक अभिनंदन करतात, पाठीवर थाप मारतात (थाप आता थेट हाडाला लागते), आणि मी हसून मान डोलावतो. पण मामा, तुम्हाला म्हणून सांगतो, पोट गेलं तरी पोटातला गोळा जागच्या जागी आहे. कारण तुम्हीच शिकवलंत की दोराच्या एका टोकाला लिफ्टची गाडी असते आणि दुसऱ्या टोकाला तिला तोलणारं काउंटरवेट, आणि भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी जास्त फसवी. ब्रेक सुटला तर रिकामी गाडी खाली पडत नाही, सुसाट वर जाते. आता माझी गाडी रिकामी झाली, पण आतलं काउंटरवेट कुणी बदललंय का? हृदय तर जुन्याच वजनासाठी बसवलेलं आहे. धावता धावता ब्रेक सुटला की मी थेट वर. हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "हळूहळू धावायला लागा. मग दर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवा." काउंटरवेटबद्दल अवाक्षर नाही.

मी धावायला लागलो, पण आमच्या इमारतीभोवती. कारण उघड आहे. लांब जाऊन दम संपला तर परत कोण आणणार? जाड होतो तेव्हा गावातला प्रत्येक ओटा, कट्टा, पायरी मला पाठ होती, कुठे टेकता येईल ते बघूनच मी घराबाहेर पडायचो. ती सवय जात नाही. म्हणून गोल गोल. बायको गॅलरीत दात घासत उभी राहते. ती पडली शाळामास्तरीण, त्यामुळे दर फेरीला मी हात वर करायचा आणि तिने मान हलवून हजेरी लावायची, असा आमचा ठराव. अंतर वाढलं की फेऱ्या वाढतात, घर तिथेच राहतं. तळमजल्यावरच्या शिंपिणीने एकदा बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही त्यांना घरात घेत नाही का?"

एकदा बायकोला दात घासून आत जावं लागलं आणि नेमकं तेव्हाच माझ्या मागे कुणीतरी लागलं. मी इमारतीच्या पाठच्या अंगाला होतो. मागून पावलं ऐकू आली, थप थप थप. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मी थबकलो, तोही थबकला. वळून बघायची छाती होईना. माझी पाचावर धारण बसली आणि मी जो काही जीव मुठीत घेऊन पळालो तसा जन्मात पळालो नव्हतो. फाटकाशी वॉचमन उभा होता. त्याला मी कसंबसं म्हटलं, "मा... मागे..." त्याने काठी उगारून माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काठी खाली केली. मामा, ती माझीच कातडी होती. पोट गेलं पण त्याची पिशवी राहिली ना, ती सदऱ्याच्या आत उडते आणि वाजते. आता मी तिला पट्ट्याने बांधून धावतो. पण खरं सांगू? त्या दिवशी वाटलं की तो जुना जाड मीच मागे लागलोय, आणि आज ना उद्या मला गाठणार. ते अजून वाटतं. ताटात थोडं जास्त पडलं तरी वाटतं.

पुढचा मूर्खपणा तुमच्या शिकवणीमुळे झाला, म्हणून थोडा तुमच्या नावावर मांडतो. मी विचार केला, आपण आयुष्यात कुठलीही गाडी चाचणी न घेता सोडली नाही, मग हीच कशी सोडायची? वर्कशॉपमधून लोखंडी वजनं आणली, पाठीवरच्या पिशवीत भरली, सव्वापट भार होईल असा हिशोब केला आणि बायको उठायच्या आत खाली उतरलो. पहिली फेरी निम्मी झाली. मग शिंपिणीच्या पायरीवर घटकाभर टेकलो आणि तिथेच बसलो, म्हणजे उठताच येईना. पिशवी मागे ओढायची, पाय वर जायचे. उताण्या पडलेल्या झुरळासारखा मी तिथे हातपाय हलवत होतो. दूधवाल्याने पिशवी उचलून बघितली आणि चोरीचा माल समजून वॉचमनला हाक मारली. तेवढ्यात बायको जागी होऊन गॅलरीत आली. वरून तिचा आवाज आला, "पट्टे काढा! आधी पट्टे काढा!" इतकं साधं मला सुचलं नव्हतं. मामा, मी मोकळा झालो तो रडायलाच लागलो. सगळ्यांना वाटलं लागलंय. लागलं काहीच नव्हतं. ते वजन मी रोज, न काढता, इतकी वर्षं घेऊन फिरत होतो, आणि आता त्याच्यासह मला एका पायरीवरून उठता आलं नाही, याचं मला भलतंच वाईट वाटलं. त्या जुन्या माणसाला कुणी कधी शाबास म्हटलं नव्हतं.

त्यानंतर बायकोने फर्मान काढलं की गोल फिरणं बंद, सरळ जा. मी त-त-प-प केलं. ती म्हणाली, "मी हजेरी घ्यायची थांबवलीय." तेव्हा एका रविवारी सकाळी सरळ निघालो. डाकघर गेलं, शाळा गेली, लाकडाची वखार गेली, आणि नदीवरच्या पुलाच्या मधोमध मला कळलं की मागे घर दिसत नाही आणि पुढे ओळखीचं कुणी नाही. टेकायला ओटा नाही. कठडा आहे, पण तो आपल्या जातीच्या बुडासाठी बांधलेला नाही. छातीत धाड धाड व्हायला लागलं. आईच्या वयाला मी आता आलोय, मामा. तुमची बहीण ज्या वयात दुपारची आडवी झाली आणि उठली नाही, त्या वयाला. हा विचार गोल फिरताना कधी आला नव्हता, सरळ रस्त्यावर लगेच आला. मी बसने परत आलो. घामाने इतका निथळत होतो की सीट भिजेल म्हणून उभाच राहिलो. कंडक्टरने विचारलं, बाहेर पाऊस आहे का? मी हो म्हटलं.

तर असं सगळं. भीती कमी झालेली नाही, पण अंतर वाढलंय, हे मात्र खरं. पुलापर्यंत, मग पुलापलीकडे, परवा रेल्वेच्या फाटकापर्यंत. प्रत्येक वेळी बसनेच परत. मग लक्षात आलं की त्याच रस्त्याने आणखी थोडं पुढे गेलं की तुमचं घर लागतं. येत्या रविवारी तिथवर धावायचा विचार आहे. तुम्ही काही तसदी घेऊ नका. मी आपला तुमच्या फाटकाला हात लावीन आणि बस पकडून परत जाईन. मामींना नमस्कार.

तुमचा,
सव्वा (सध्या पाऊण)

ता. क. वर जे तसदी घेऊ नका असं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. तसदी घ्या. खाली येऊन फाटकाशी बसा. त्या रस्त्याच्या टोकाला कुणी नसेल तर मी पुलावरच गळपटेन, हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही दिसणार आहात एवढं ठाऊक असलं तर पोचेन. आणि बसचं म्हणाल तर रविवारी पैसे घरीच ठेवणार आहे. म्हणजे तुम्ही खाली नसलात तर मला तसंच परत धावत जावं लागेल, आणि तेवढी तयारी माझी झालेली नाही.

ता. क. दुसरा. मामींनी मला काहीही सांगितलेलं नाही. भोंग्याचं तर मुळीच नाही. तुम्ही लिफ्टमध्ये पाऊल टाकलंत, आत आधीच दोघं होते, जास्त वजनाचा भोंगा वाजला, ते दोघं हसले, तुम्ही बाहेर आलात आणि त्यानंतर चौथ्या मजल्यावरून खाली उतरला नाहीत, गुडघ्यांचं नाव सांगता, हे मला कुठून कळणार? पण समजा असं झालं असेल, तर तो भोंगा तुम्हीच बसवलेला आहे, आणि गाडीच्या तळाखालचं, वजन जोखणारं रबर तेव्हाचंच आहे. रबर जुनं होऊन दबून बसलं की भोंगा कुणावरही वाजतो, हे तुम्ही मला शिकवलंत. तुमच्यामुळे वाजला की रबरामुळे, ते बघायला हवं. मी मशीनच्या खोलीत ब्रेकवर कान ठेवून बसेन. पण गाडीत चाचणीचं वजन लागेल, मामा, आणि मी आता त्या कामाचा राहिलो नाही. त्या कामाला तुम्हीच हवेत. मी वर आहे.

ता. क. तिसरा. खाली येताना मामींना दोन खुर्च्या आणायला सांगा. एक बिनहाताची, तुमच्यासाठी. दुसरी हातांची आणा. वजन उतरून इतके दिवस झाले, पण मी अजून हातांच्या खुर्चीत एकदाही बसलेलो नाही. अडकलो तर, अशी भीती वाटते. तुमच्या शेजारी बसून बघेन.